पिशवीचे बंदच का तुटतात? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात घरच्या घरी बाजाराची कापडी पिशवी शिवण्याबद्दल चार ओळी दिल्या होत्या, त्यावर इंदूरभरातून प्रश्नांचा पाऊसच पडला. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा राहिला असेल तर रागावू नका, पुढच्या अंकात बघू.

प्रश्न: ताई, पिशवी शिवली, दिसायला एकदम मस्त झाली, चोइथराम मंडीतून पाच किलो बटाटे घेतले न् वर दुधी-बिधी टाकला, आणि रिक्षातून उतरताना एक बंद कापडासकट उपसून आला. टाके नाही तुटले, कापडच फाटलं. असं का व्हावं? (सुदामा नगर)

उत्तर: काकू, टाके शाबूत आणि कापड फाटलं हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं, कारण सगळं उत्तर त्यातच आहे. दोन गोष्टी झाल्या असणार. एक म्हणजे टाका फार बारीक ठेवला. आपल्याला वाटतं बारीक टाका म्हणजे मजबूत, पण जवळजवळ भोकं पडली की कापड पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवरच फाटतं. इंचाला आठ ते दहा टाके पुरे, म्हणजे मशीनवर साधारण तीनचा टाका. दुसरं म्हणजे बंद नुसता वरच्या काठात खोचून एक आडवी टीप मारली असणार, बहुतेक जणी तेच करतात, बाजारात मिळतात त्यातही तेच असतं. म्हणजे सगळं वजन त्या एका रेषेवर आलं. सहा किलो वजन चार टोकांत वाटलं तर उभं असताना दीड-दीड किलोच येतं, त्याला काही होत नाही, पण रिक्षातून उतरताना किंवा जिना चढताना हिसका बसतो आणि तोही बरेचदा एकाच टोकावर, तेव्हा फाटतं.

तर करायचं असं की बंदाचं टोक काठाच्या खाली निदान तीन इंच अंगावर उतरवायचं, टोक आत दुमडायचं, तिथे चौकोनी टीप घालायची आणि चौकोनात फुली मारायची. आतल्या बाजूने त्याच कापडाचा तीन-चार इंचाचा तुकडा लावून मग टीप घाला, म्हणजे टाके दुहेरी कापडातून जातील. एवढं केलं की हिसका एका रेषेवर न बसता चौकोनभर पसरतो.

आणि खरंच जड सामान आणायचं असेल, सियागंजातून महिन्याचा किराणा वगैरे, तर याहून भक्कम प्रकार आहे. बंद नुसते वर लावायचेच नाहीत, सुती निवाडीची एकच लांब पट्टी पिशवीच्या एका अंगावरून खाली, बुडाखालून दुसऱ्या अंगावर वर, तिथे हँडलचा वळसा, परत खाली, अशी फिरवून आणायची. मग वजन कापडावर येतच नाही, निवाडच सगळं पेलते आणि कापड नुसतं सामान धरून ठेवतं. मध्यम पिशवीला एक-दीड इंच रुंदीची साधारण तीन मीटर निवाड लागते. मी तर म्हणेन रोजच्या वापराची एक पिशवी अशी असावीच, बाकीच्या कशाही असू द्या.

प्रश्न: माप नीट सांगा ना. तुम्ही ‘मध्यम आकाराची’ म्हणता, ते किती? बुडाला रुंदी कशी काढायची तेही समजलं नाही. (लोकमान्य नगर)

उत्तर: बरं, इंचात सांगते. ३६ इंच पन्ह्याचा, म्हणजे रुंदीचा, मांजरपाट (जाडसर कोरं सुती कापड) धरा. एक मीटर म्हणजे जवळजवळ साडेएकोणचाळीस इंच. पन्हा मधोमध कापला की १८ इंच रुंद न् साडेएकोणचाळीस लांब असे दोन तुकडे, म्हणजे दोन पिशव्या, बंद वेगळे. उभा धागा पिशवीत उभाच राहतो, तो जास्त ताण घेतो. तुकडा लांबीत अर्ध्यात दुमडायचा, घडी बुडाला येते, त्यामुळे बुडाला जोड नाही, निम्मी काळजी तिथेच मिटली. दोन्ही बाजूंना अर्धा इंच माया (शिवणीसाठी सोडायचं कापड), वर दोन्हीकडे दीड-दीड इंच काठ दुमडायला. निवाड फिरवायची असेल तर ती आधीच, बाजू शिवायच्या आत, कडेपासून साडेपाच इंचावर लावून घ्या, नंतर पिशवीच्या आत मशीन घालता घालता रडू येतं.

बाजूची शिवण साधी घातली तर धागे निघतात न् ते कांद्याच्या सालात, शेंगदाण्यात जातात. इंटरलॉक करून आणलं तर उत्तम, गल्लीतला पिको-फॉलवाला करून देतो. नाहीतर फ्रेंच शिवण घाला: आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर टीप, कडा थोड्या कातरायच्या, पिशवी उलटायची आणि परत पाव इंचावर टीप. कच्च्या कडा आत गाडल्या जातात, अर्ध्या इंचाच्या मायेत बरोबर बसतं.

आता बुडाची रुंदी. पिशवी उलटी असतानाच खालचा कोपरा असा ओढून चपटा करा की बाजूची शिवण बुडाच्या घडीवर बरोबर मधोमध येईल, त्रिकोण तयार होतो. टोकापासून दोन इंच आत मोजलं की तिथे त्रिकोणाची रुंदी चार इंच भरते, त्या रेषेवर दोनदा टीप घाला. दुसरा कोपराही तसाच. झालं चार इंचाचं बूड. उंची दोन इंचानं कमी होते न् रुंदी चारनं, म्हणजे शेवटी मिळते १३ इंच रुंद, ४ इंच खोल आणि १६ इंच उंच अशी पिशवी. दोन किलोचे बटाटे न् वर मेथीची जुडी न् नारळ आरामात जातो. त्रिकोण कापून टाकू नका, आतच बुडावर चपटा टाकून टाचा, तिथे आपोआप दुहेरी कापड होतं.

बंद हातात धरायचे तर १४ इंच बाहेर आणि दोन्हीकडे तीन-तीन इंच अंगावर, खांद्याला अडकवायचे तर २४-२६ बाहेर. उंची कमी असेल तर हातातले बंद लांब ठेवू नका, पिशवी जमिनीवर घासत जाते. निवाड फिरवायची असेल तर वळसा २२ इंचाचा पकडा, तीन मीटरचा हिशोब त्यावरच दिलाय.

आणि हो, नवं कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. कोरा मांजरपाट धुतला की मीटरला चार-पाच सेंटिमीटर सहज आटतो, खळ असेल तर जास्तही, म्हणून मीटरऐवजी सव्वा मीटरच घ्या.

प्रश्न: नवीन कापड घ्यायचं की घरातलं? माझ्याकडे चादरी, पडदे, सासूबाईंची सुती लुगडी आणि एक जुनी महेश्वरी साडी आहे. (रामबाग)

उत्तर: वहिनी, एम.टी. क्लॉथ मार्केटसारखा कापडबाजार असलेल्या गावात बसून नवं कापड घेऊ नका म्हणणं म्हणजे जरा धाडसच आहे, पण घेऊ नका. घरातल्यापैकी आधी कुठलं दमदार ते बघा. कापड दोन्ही मुठीत धरून अंगठे जवळ आणा न् जोरात ताणा. चर्रकन आवाज आला तर त्याचं फडकं करा. मग उजेडात धरून बघा, जिथे विरळ दिसेल तो भाग सोडा.

चादर नेहमी मध्ये झिजते, जिथे आपण झोपतो, कडेचा दोन फुटाचा पट्टा बहुतेक नव्यासारखा असतो, पिशव्या तिथून कापा. पडद्याचं उलट, तो दिसायला धडधाकट पण खिडकीच्या उन्हात वर्षानुवर्षं टांगलेला असला तर धागा उन्हानं कुजलेला असतो, त्याची ताणून परीक्षा दोनदा घ्या. जीन्स भक्कम, पण दोन पायांची पिशवी रिकामीच एवढी जड होते की भाजीआधी पिशवीच उचलावी लागते, त्यामुळे जीन्स फक्त बंदांना न् बुडाला वापरा. सुती लुगडी एकेरी पातळ पडतात, तर दोन थर एकमेकांवर ठेवून गोधडीसारखा धावदोरा घालून मग कापा, आपल्याकडे जुन्या लुगड्यांचं हेच तर करायचे, पिशवी हलकी न् छान होते.

महेश्वरीला हात लावू नका. तिच्यात बहुतेक वेळा ताणा (उभा धागा) रेशमाचा न् बाणा (आडवा धागा) सुताचा असतो, जुनी झाली की घडीवर चिरते. बटाट्यासाठी नाहीच ती. दागिन्याची किंवा हळदीकुंकवाच्या वाणाची छोटी बटवी करा, आतून सुती अस्तर लावून.

प्रश्न: मशीन जुनं पायाचं आहे. बंदाजवळ चार-पाच थर आले की सुई तुटते नाहीतर टाके सुटतात. मोटर लावून घेऊ का? (मल्हारगंज)

उत्तर: मोटरचा काही संबंध नाही, उलट जाड कापडाला पायाचंच मशीन बरं, आपल्या ताब्यात असतं. सुई बदला. ब्लाउजला वापरता ती ११ किंवा १४ नंबरची सुई इथे चालत नाही, १६ घ्या, जीन्स असेल तर १८. धागा पॉलिएस्टरचा घ्या, सुती धागा भिजून-वाळून कापडाआधी कुजतो. जाड जागा आली की पायट्यावरून आपला पाय काढून घ्या न् चाक हातानं फिरवत चार-सहा टाके पुढे जा. त्याआधी ती घडी खलबत्त्याच्या बत्त्यानं जरा ठोकली तर चपटी होते, आणि मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासला तर सुई सरकत जाते. टाके सुटतात ते बहुधा काठावर चढताना, कारण मशीनचा पाय पुढे उचललेला न् मागे तिरका राहतो. तेवढ्याच जाडीची कापडाची घडी पायाच्या मागे सरकवा म्हणजे तो सपाट राहील. एवढं करूनही सुटत असतील तर सुई उलटी बसलेली नाही ना ते बघा, चपटी बाजू चुकली की मशीन काहीही करतं.

प्रश्न: मशीनच नाही. हातानं शिवलेली टिकेल का? (भंवरकुआँ, होस्टेल)

उत्तर: टिकेल की. फक्त धावदोरा नको, उलट टीप घाल, प्रत्येक टाका अर्धा मागे येऊन पुढे जाणारा. धागा दुहेरी, जमलं तर मेण लावून. वेळ लागेल, एखादी मॅच बघता बघता होऊन जाईल.

प्रश्न: आमचे हे म्हणतात कापडी पिशवी प्लास्टिकपेक्षा जास्त नुकसान करते, कुठल्याशा परदेशी अभ्यासात ७,१०० वेळा वापरावी लागते म्हणे. खरं का? मग आम्ही कशाला शिवतोय? (टिळक नगर)

उत्तर: ह्यांनी वाचलंय ते खोटं नाही पण अर्धं वाचलंय. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा अहवाल आला, त्यात साध्या सुती पिशवीला ७,१०० आणि सेंद्रिय कापसाच्या पिशवीला तर २०,००० असे आकडे होते. पण हे आकडे सगळे निकष धरून, त्यातल्या सगळ्यात वाईट निकषावर काढलेले आहेत, म्हणजे ओझोनच्या थराच्या नुकसानीचा. फक्त हवामानाचा हिशोब केला तर त्याच अहवालात साध्या सुती पिशवीला ५२ वेळा. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २०११ मध्ये काढलेला आकडा १३१ होता, तोही फक्त हवामानाचा. आठवड्यातून एकदा मंडीत नेली तरी वर्षभरात ५२ होतात ना, हिशोब काही अशक्य नाही.

आणखी दोन गोष्टी त्यांना सांगा. हे सगळे आकडे नव्या कापसाचे आहेत, शेतातलं पाणी, खत, सूतगिरणी, रंगाई सगळं धरून. तुमच्या चादरीनं ते सगळं केव्हाच फेडलंय, तिच्या पिशवीवर नव्यानं पडतो तो फक्त धागा. आणि डेन्मार्कमध्ये कचरा उघड्यावर उडत नाही असं धरून नाल्यात, गटारात, गाईच्या पोटात जाणाऱ्या पन्नीचा, म्हणजे पातळ प्लास्टिक पिशवीचा, हिशोब त्यात घेतलेलाच नाही, आपल्याकडे तोच तर मोठा त्रास.

पण ह्यांचा मुद्दा एका ठिकाणी बरोबर बसतो आणि मी तो मोकळेपणानं मान्य करते. लग्नात, वाढदिवसाला, दुकानाच्या उद्घाटनाला नव्या कोऱ्या छापील पिशव्या वाटतात, घरात वीस-पंचवीस जमतात न् कपाटात पडून राहतात, त्या खरोखर प्लास्टिकपेक्षा महाग पडतात. हौसेनं दर आठवड्याला नवी शिवणाऱ्यांनाही हेच लागू. चार माणसांच्या घराला तीन मोठ्या न् पाच-सहा लहान पुरे होतात, पुढच्या शिवायच्या त्या जुन्या फाटल्यावर.

प्रश्न: दुकानातून मिळते ती रंगीत, जरा खरखरीत पिशवी कापडीच असते ना? (अन्नपूर्णा रोड)

उत्तर: नाही हो काका, बहुतेक वेळा ते प्लास्टिकच. पॉलिप्रोपिलीनचे तंतू उष्णतेनं दाबून चिकटवलेले असतात, त्यावर बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. कडेचा धागा ओढून बघा, कापड असेल तर सलग धागा निघेल, इथे नुसतं केसाळ काहीतरी सुटेल. इस्त्री लावाल तर वितळून इस्त्रीलाच चिकटेल, ते करून बघू नका. केंद्राच्या नियमानं ती चालते, पण चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा पातळ असेल तर ३० सप्टेंबर २०२१ पासून बंद आहे, आणि साधी पन्नी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ असेल तर ३१ डिसेंबर २०२२ पासून. घरात असतील त्या फेकू नका, फाटेपर्यंत वापरा.

प्रश्न: भाजीवाला पिशवीसकट तोलतो, मग पिशवीच्या वजनाचे पैसे आम्ही का द्यायचे? (परांजपे कॉलनी)

उत्तर: भांडण करण्याआधी पिशवी तोलून बघा. वर सांगितलेली मध्यम पिशवी जाड कापडाची असली तर १०० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे महाग भाजीला फरक पडतोच. तिच्यात तोलूच नका. भाज्या वेगळ्या घेण्यासाठी मलमलीच्या किंवा नेटच्या दहा बाय बाराच्या छोट्या नाडीवाल्या पिशव्या शिवा, मलमलीची एक दहा-बारा ग्रॅमच्या वर जात नाही. नेटमधून आतलं दिसतं त्यामुळे तोलणाऱ्यालाही सोयीचं. जुनी मच्छरदाणी असेल तर तिचं सोनं झालं समजा. नाडीसाठी वर एक इंचाचं नेफं ठेवा, नेटच्या कडेला सुती पट्टी लावून, कारण नेटमध्ये टाका धरत नाही. सांडगे, डाळी, रवा, पोहे सुटे घ्यायला मात्र मलमलच, नेटमधून रवा रस्ताभर गळेल.

प्रश्न: माझ्या पिशवीला शेवेचा न् जुन्या भाजीचा असा मिक्स वास येतो. रोज धुवायची का? (स्नेहलतागंज)

उत्तर: रोज नको, पण वर्षातून दोनदाही नको! २०११ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेत, अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियात, लोकांच्या हातातल्या पिशव्या तपासल्या होत्या, जवळजवळ सगळ्यात जंतू सापडले आणि बहुतेकांनी त्या कधीच धुतलेल्या नव्हत्या. चांगली बातमी ही की हातानं किंवा मशीनमध्ये साधी धुतली तरी ९९.९ टक्क्यांहून जास्त जंतू गेले. तर मातीच्या भाजीची पिशवी आठवड्याला, किराण्याची महिन्याला, उलटी करून, कोपऱ्यातली माती झटकून धुवा न् उलटीच उन्हात टाका. शिवणीत ओल राहिली की बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते मग जात नाहीत. पालेभाजीची न् किराण्याची पिशवी वेगळी ठेवा, बंदांचा रंग वेगळा ठेवला की घरातले सगळे ओळखतात.

शेव पिशवीत घ्यायचीच नाही. इंदूरमध्ये राहून शेव घेणं काही सुटणार नाही, पण तेल सुतात मुरलं की गरम पाणी न् सोड्यानंही पूर्ण निघत नाही आणि मग ते खवट होतं. पनीर, दही, शेव, गराडू (तळलेला कंद) याला स्टीलचा डबाच न्या, दुकानदार आधी रिकामा डबा तोलून वजन शून्य करून देतो, काटा इलेक्ट्रॉनिक असेल तर बटण एकच दाबायचं असतं.

प्रश्न: कोथिंबीर कापडी पिशवीत फ्रिजमध्ये ठेवली तर सुकली. (उषा नगर)

उत्तर: कोरडी पिशवी पाणी ओढून घेते आणि फ्रिजची हवाही कोरडी असते. पिशवी ओली करून घट्ट पिळा न् मग त्यात पालेभाजी ठेवा, दोन-तीन दिवसांनी परत ओली करा. कांदे-बटाटे लसूण मात्र कोरड्याच पिशवीत, फ्रिजच्या बाहेर, आणि कांदे-बटाटे एकत्र नको.

प्रश्न: सगळं ठीक आहे हो ताई, पण पिशव्या घरी राहतात न् मी राजवाड्यावर. संध्याकाळी ऑफिसातून येताना भाजी दिसते, हातात काही नसतं, मग पन्नी. (विजय नगर)

उत्तर: हा प्रश्न सगळ्यात जास्त जणींनी विचारलाय. दाराला खिळा मारून तिथे टांगा वगैरे सांगणार नाही, ते सगळ्यांना माहीत आहे न् त्यानं होत नाही, कारण ऑफिसला जाताना कुणी मोठी पिशवी उचलत नाही. जी पर्समध्ये मावते तीच बाहेर पडते. त्यासाठी जाड कापड विसरा, मोडकी छत्री काढा. काड्या न् दांडा सोडवला की आठ कळ्यांचं, म्हणजे तिकोनी तुकड्यांचं, कापड मिळतं, हलकं, पावसात न भिजणारं, घडी केली की मुठीएवढं. कळ्या उसवून एक उलटी एक सुलटी अशा शेजारी शेजारी जोडल्या की चौकोनी तुकडा तयार होतो, त्याची वर दिलेल्या पद्धतीनंच पिशवी करा, बुडाची रुंदी तीन इंचच ठेवा. छत्री बंद करायची पट्टी असते ना बटणाची, ती पिशवीच्या काठाला लावा, गुंडाळी करून बटण लावलं की पर्सच्या कप्प्यात पडून राहते. स्कूटीवाल्यांनी एक डिकीत टाकून द्यावी, सामान घरात काढलं की लगेच परत डिकीत.

शिवताना टाचण्या शिवणीच्या मायेतच लावा, या कापडात पडलेलं भोक बुजत नाही, आणि बारीक म्हणजे ११ नंबरची सुई घ्या. बंद मात्र निवाडीचेच लावा, छत्रीच्या कापडाचे हातात रुततात. आणि इस्त्री लांब ठेवा, नायलॉन किंवा पॉलिएस्टर असतं, आकसून जाईल. घडी बसवायची तर नखानं दाबून.